बिग-ब्लॉक ड्रॅग इंजिनची ताकद वाढवताना

शेव्हीचं ४५४, फोर्डचं ४६०, क्रायस्लरचं ४४०. ड्रॅग, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीतल्या, या इंजिनांना घन इंच (सिलिंडरांचा एकूण आकार) कमी पडत नाहीत. कमी पडते ती वरच्या आरपीएमला श्वास घेण्याची आणि व्हॉल्व्ह ताब्यात ठेवण्याची क्षमता. म्हणूनच नवा कार्ब्युरेटर, नवा मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांत वाटणारा भाग), मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असे भाग एकामागून एक चढवूनही फिनिश लाइनवरचा वेग जिथल्या तिथे राहतो. अडथळा एका जागी आणि पैसा दुसऱ्याच जागी, असं बहुतेक वेळा घडतं. त्यामुळे आधी मोजायचं, मग अडथळा शोधायचा आणि पाना शेवटी उचलायचा.

उदाहरणासाठी सर्वांत जास्त बांधलं जाणारं इंजिन घेऊ: शेव्ही मार्क ४ चा ४५४ ब्लॉक, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६० थाऊ वाढवून ४.३१० इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४.२५० इंच, म्हणजे ४९६ घन इंच. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या कामात सगळी मापं इंचातच चालतात.) दुसरं इंजिन असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

हात लावण्याआधी

पहिली तपासणी टीडीसीची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेची. बॅलन्सरवरचा (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकावरचा) शून्य आणि पॉइंटर जुळतात हे गृहीत धरू नका. जुन्या बॅलन्सरची बाहेरची कडी रबरावर सरकते आणि मग ठिणगी ३६ अंशांवर समजून प्रत्यक्षात ३१ अंशांवर इंजिन पळत असतं. पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) लावा, क्रँक एका दिशेने फिरवून टेकला की आकडा घ्या, मग उलट दिशेने फिरवून दुसरा घ्या. खरा टीडीसी या दोहोंच्या बरोबर मध्ये असतो. एकीकडे ३२ आणि दुसरीकडे ३६ आलं तर पॉइंटर २ अंशांनी चुकीचा आहे.

दुसरी तपासणी लीकडाउनची (सिलिंडरात दाबाने भरलेली हवा किती टक्के गळते त्याची), इंजिन गरम असताना. ताज्या रेस इंजिनमध्ये गळती ५ टक्क्यांच्या आत असते. १० च्या वर गेली तर कान लावून ऐका. आवाज कार्ब्युरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, हेडरमधून (एक्झॉस्टच्या नळ्यांतून) आला तर एक्झॉस्ट, व्हॉल्व्ह कव्हरच्या ब्रीदरमधून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

तिसरी गोष्ट स्ट्रिपवरची, म्हणजे शर्यतीच्या पट्ट्यावरची. ताकदीचा अंदाज ईटीवरून (सुटल्यापासून रेषेपर्यंत लागलेल्या वेळेवरून) बांधू नका, कारण ईटीमध्ये टायरची पकड आणि सुटण्याची कला मिसळलेली असते. फिनिश लाइनवरचा वेग मात्र ताकदीशी बराच प्रामाणिक राहतो. पाव मैलासाठी नेहमीचं सूत्र असं: गाडीचं चालकासह वजन पौंडात, गुणिले (वेग ताशी मैलांत भागिले २३४) याचा घन. २,९०० पौंडांची गाडी १४० मैलांनी गेली तर साधारण ६२० हॉर्सपॉवर येतात, १४२ मैलांनी गेली तर ६४८. म्हणजे या गाडीत २ मैल वाढले की २५-३० घोडे मिळाले असं समजायचं. हा आकडा डायनोशी (ताकद मोजणाऱ्या यंत्राशी) तंतोतंत जुळणार नाही, पण बदलाच्या आधीची आणि नंतरची तुलना त्यावर पक्की होते. डायनोच्या कागदाबद्दलही एक सावधगिरी बाळगा. हवामानाचा फरक काढण्यासाठी जे६०७ पद्धतीने दुरुस्त केलेला आकडा जे१३४९ पेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी मोठा दिसतो. दोन इंजिनांचे कागद शेजारी ठेवण्याआधी दोन्हींवर दुरुस्ती कोणती आहे ते वाचा.

कॉम्प्रेशन: डब्यावरचं आणि खरं

जाहिरातीत १२:१ कॉम्प्रेशनचं (मिश्रण बाराव्या हिश्शात दाबणारं) म्हटलेलं इंजिन उघडून मोजलं की अनेकदा साडेअकरा निघतं. आपल्या ४९६ च्या एका सिलिंडरचा स्ट्रोकभर आकार १,०१६ सीसी. हेडमधला ज्वलनाचा चेंबर ११९ सीसी, ३९ थाऊ जाडीचं आणि ४.३७० इंच बोअरचं गॅस्केट ९.६ सीसी, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठाच्या) ५ थाऊ खाली म्हणून आणखी १.२ सीसी. एकूण १२९.८. डब्यावर पिस्टनच्या माथ्यावरचा ३७ सीसीचा घुमट लिहिलाय, तो वजा करून ९२.८ उरतात. १,०१६ भागिले ९२.८ अधिक १, म्हणजे ११.९५. इथवर ठीक. पण मोठ्या कॅमसाठी व्हॉल्व्हचे खाचे खोल केले आणि घुमटाची धार गोल केली की घुमट ३३ वर येतो आणि गुणोत्तर साडेअकरावर घसरतं.

म्हणून घुमट स्वतः मोजा. पिस्टनच्या सपाट कडेचं अंतर डेकपासून बरोबर १.००० इंच खाली येईल असं डायल गेजने ठेवा. कडेने ग्रीसची बारीक रेघ ओढून गळती बंद करा. वर मधोमध भोक असलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी ग्रीसवर दाबून बसवा आणि ब्युरेटने रंगीत स्पिरिट भोकातून भरा. ४.३१० बोअरच्या १ इंच खोल नुसत्या नळीचा आकार २३९.१ सीसी होतो. २०६.१ सीसी मावले तर घुमट ३३ चा. शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत ब्लॉक किंचित कलता ठेवा, भोक उंच बाजूला येऊ द्या. एकच अडकलेला बुडबुडा २ सीसीची चूक करून जातो. हेडचा चेंबरही याच पट्टीने मोजायचा, व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग बसवून. आठही चेंबर १ सीसीच्या आत जुळायला हवेत.

गुणोत्तर वाढवण्याचा स्वस्त मार्ग हेड फेसिंगचा, म्हणजे हेडचा तळ कापण्याचा. वरच्याच उदाहरणात ३७ चा घुमट ठेवून चेंबर ११९ वरून ११० केला तर आकडा १३.१ होतो. पण हेड जितकं खाली आलं, जवळपास तितकीच पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली फट कमी झाली हे विसरू नका. मॅनिफोल्डची तोंडंही आता पोर्टशी जुळणार नाहीत, तिथेही त्या प्रमाणात कापावं लागतं. १२ वरून १३ वर गेल्याने मिळतात साधारण २ टक्के. त्यासाठी इंधनही तसंच लागतं: १२:१ च्या पुढे पंपावरचं पेट्रोल चालत नाही, रेस पेट्रोल किंवा मिथेनॉल लागतं. प्रमाणाबाहेर मोठा घुमट हा स्वतःच अडथळा होतो. तो ज्वाळेच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो आणि मग टायमिंग जास्त मागतो, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडावी लागते. शक्य असेल तिथे लहान चेंबर आणि लहान घुमट ही जोडी घ्यावी.

पिस्टनची सपाट बाजू आणि हेड यांच्यातली फट स्टीलच्या कनेक्टिंग रॉडसाठी ४० ते ४५ थाऊ, ॲल्युमिनियमच्या रॉडसाठी ५५ ते ६५. ॲल्युमिनियम गरम होऊन आणि वेगाने ताणून लांबतं, म्हणून हा फरक.

खालचा भाग

इथे ताकद फारशी निर्माण होत नाही, ती टिकते. ४५४ चा कास्टिंग ब्लॉक ६० थाऊ वाढवायचा तर आधी सोनिक चाचणीने भिंतींची जाडी मोजून घ्या. पातळ भिंत तडकण्याआधीच लवचिक होते, रिंगा सील धरत नाहीत आणि लीकडाउन वाढत जातं. होनिंग (बोअरची घासणी) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड पट्टी, लावूनच करा, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअर गोल राहत नाही.

रिंगच्या दोन टोकांमधली फट: नुसत्या हवेवरच्या पेट्रोल इंजिनला वरच्या रिंगसाठी बोअर गुणिले ०.००४५, म्हणजे आपल्या बोअरला सुमारे १९ थाऊ. नायट्रस (ताकद वाढवायला सोडायचा नायट्रस ऑक्साइड वायू) लागणार असेल तर ०.००७०, म्हणजे ३० थाऊ. दुसरी रिंग वरच्यापेक्षा थोडी सैल ठेवा. दोन रिंगांमध्ये दाब कोंडला तर वरची रिंग उचलली जाते.

बेअरिंगची फट जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) व्यासाच्या दर इंचाला १ थाऊ आणि वर अर्धा. मार्क ४ चे मेन २.७५० इंचांचे आहेत, म्हणजे सव्वातीन थाऊच्या आसपास, रॉडचे २.२०० इंचांचे, म्हणजे २.७. रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचपेक्षा ताण मोजणाऱ्या गेजने आवळा आणि प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो बोल्ट लांबलेला आढळला तर सरळ फेकायचा. ४.२५० स्ट्रोकवर ७,२०० आरपीएमला पिस्टनची सरासरी गती मिनिटाला ५,१०० फूट होते. तिथे जुना बोल्ट वापरून वाचवलेला पैसा पूर्ण इंजिनाच्या किमतीत परत जातो.

बॅलन्सर एसएफआय १८.१ या सुरक्षा मानकाने प्रमाणित घ्या. एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग संघटनेच्या स्ट्रिपवर १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला तो सक्तीचाच आहे. आणखी एक, ४५४ बाहेरून बॅलन्स केलेलं असतं, ३९६ आणि ४२७ आतून. क्रँक बदलताना बॅलन्सर आणि फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागची चकती) जुनेच चढवले तर इंजिन थरथरेल आणि बेअरिंगं खाईल.

हेड

ताकदीची मर्यादा इथे ठरते. २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर इनटेक पोर्टचा प्रवाह सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) मोजा, ०.२५७ ने गुणा, मग सिलिंडरच्या संख्येने. ३८० सीएफएमचं हेड सुमारे ७८० हॉर्सपॉवरला पुरतं, तेही बाकी सगळं जमलं तर. हेड ३०० सीएफएमचं आणि अपेक्षा ८०० ची, असा हिशेब असेल तर कॅम कोणताही टाका, ते आकडे येणार नाहीत.

शेव्हीच्या या हेडमध्ये एक जन्मजात खोड आहे. इनटेकचे पोर्ट सारखे नाहीत. व्हॉल्व्ह दोन दिशांनी तिरपे असल्याने अर्ध्या पोर्टची हवा सिलिंडरच्या मध्याकडे उतरते, हे चांगले पोर्ट. उरलेल्या चार पोर्टची हवा सिलिंडरच्या भिंतीवर आदळते, हे वाईट. एकच आकडा सांगून हेड विकत असतील तर तो चांगल्या पोर्टचा असण्याची शक्यता जास्त. दोन्हींचा प्रवाह मागा. नीट बांधलेल्या इंजिनांत कॅम ग्राइंडर चांगल्या आणि वाईट पोर्टसाठी वेगवेगळे लोब (कॅमचे उंचवटे) देतात, आणि कार्ब्युरेटरचे चार जेटही मग सारखे ठेवता येत नाहीत.

हाताने पोर्टिंग करणार असाल तर सीटच्या खालच्या अर्ध्या इंचावर थांबा. बहुतेक फायदा तिथेच आहे. सीट आणि कास्टिंग जुळतात तिथली कड काढा, घसा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८८ ते ९१ टक्के ठेवा. आतल्या वळणाला, म्हणजे पोर्टच्या तळाकडून सीटकडे उतरणाऱ्या भागाला, नुसता हात फिरवायचा. तो भाग खाली कापला की हवा वळत नाही, सरळ उडी मारून समोरच्या भिंतीवर जाते, आणि जास्त लिफ्टला प्रवाह वाढण्याऐवजी कमी होतो. तिथे गेलेलं लोखंड परत येत नाही. इनटेक पोर्टला आरशासारखी चकाकी देऊ नका. ६० ते ८० ग्रिटचा खरखरीतपणा असू द्या, म्हणजे भिंतीवर ओघळलेलं इंधन पुन्हा हवेत मिसळतं. एक्झॉस्ट पोर्ट हवा तितका गुळगुळीत करा.

तीन कोनांचा व्हॉल्व्ह जॉब हा किमान. इनटेकची ४५ अंशांची सीट ४० ते ६० थाऊ रुंद, एक्झॉस्टची ६० ते ८०. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधूनच सोडतो, म्हणून तिथे अरुंदपणाचा मोह आवरा.

कॅम बसवणं

कॅमच्या निवडीवर पानं भरतील. ब्रॅकेट (आधी सांगितलेल्या वेळेवर धावण्याच्या शर्यतीच्या) गाडीतल्या ४९६ ला ५० थाऊ लिफ्टवर मोजलेला २६५ ते २८० अंशांचा सॉलिड रोलर (चाकाच्या लिफ्टरवर चालणारा कॅम), ११० ते ११४ लोब सेपरेशन आणि ७०० ते ७५० थाऊ लिफ्ट हा चाललेला मार्ग. पण कॅम कार्डवरचे आकडे इंजिनात उतरलेत की नाही हे तपासणं निवडीइतकंच महत्त्वाचं आहे. टायमिंग सेट, क्रँकची की, कॅमची पिन, प्रत्येकाची थोडी थोडी चूक मिळून ३-४ अंश सहज होतात.

१. पिस्टन स्टॉपने खरा टीडीसी काढून डिग्री व्हील (अंशांची तबकडी) शून्यावर लावा.
२. एक नंबरच्या इनटेक लिफ्टरवर डायल गेज ठेवा, काडी लिफ्टरच्या हालचालीच्या रेषेत.
३. जास्तीत जास्त लिफ्टला डायल शून्य करा. क्रँक मागे नेऊन ५० थाऊच्या पलीकडे जाऊ द्या, मग इंजिनच्या फिरण्याच्या दिशेनेच पुढे आणत माथ्याच्या ५० थाऊ आधीचा आकडा घ्या. तसंच पुढे जाऊन माथ्यानंतरच्या ५० थाऊचा.
४. दोहोंची सरासरी म्हणजे इनटेक सेंटरलाइन. ८० आणि १३६ आलं तर १०८.
५. लोबच्या दोन बाजू सारख्या नसतील तर हा आकडा फसवतो. म्हणून बेस सर्कलपासून ५० थाऊ उघडण्याचे आणि बंद होण्याचे अंशही कार्डाशी ताडून पाहा.

शेवटचा आकडा नेहमी फिरण्याच्या दिशेने येऊनच घ्यायचा. उलट फिरवून घेतला तर साखळीचा ढिलेपणा त्यात मिसळतो. कॅम ४ अंश पुढे नेला की खालचा टॉर्क वाढतो आणि वरची ताकद थोडी जाते. मागे नेला की उलट. कॅम हलवला की पिस्टन-व्हॉल्व्ह फट पुन्हा मोजायची. कॅम पुढे नेला की इनटेकची फट घटते, मागे नेला की एक्झॉस्टची.

ती फट मोजायला दोन व्हॉल्व्हवर हाताने दबतील अशा हलक्या स्प्रिंगा लावा आणि टॅपेट शून्यावर आणा. एक्झॉस्टसाठी टीडीसीच्या आधी साधारण १० अंश आणि इनटेकसाठी नंतर साधारण १० अंश ही सर्वांत अडचणीची जागा. तिच्या अलीकडे-पलीकडे दर दोन अंशांवर व्हॉल्व्ह हाताने पिस्टनला टेकेपर्यंत दाबा आणि डायल वाचा. स्टीलच्या रॉडला इनटेक ८० आणि एक्झॉस्ट १०० थाऊ किमान. ॲल्युमिनियमच्या रॉडला दोन्हीकडे २० ते ३० थाऊ जास्त. क्लेचा गोळा कडेची फट पाहायला वापरा. व्हॉल्व्हचा काठ खाचेच्या भिंतीला घासतो का, ते क्लेच सांगतो.

व्हॉल्व्ह ट्रेन: ताकद इथे हरवते

या इंजिनांतले व्हॉल्व्ह मोठे आणि जड असतात. इनटेक २.२५० ते २.३०० इंच, एक्झॉस्ट १.८८०. पुशरॉड लांब, रॉकरचं (पुशरॉडची हालचाल वाढवून व्हॉल्व्हला देणाऱ्या तरफेचं) मूळ गुणोत्तर १.७. साडेसहा हजारांच्या वर हे सगळं धनुष्यासारखं वाकतं. कागदावरचा ७५० थाऊचा लिफ्ट व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही आणि बंद होताना व्हॉल्व्ह सीटवर उसळतो. डायनोवर आलेख ६,८०० ला एकाएकी सपाट झाला किंवा दातेरी दिसला तर लोक मिश्रण आणि इग्निशन धुंडाळत बसतात. आधी स्प्रिंग बघा.

एक स्प्रिंग हातात घेऊन हिशेब करू. बसवलेली उंची २.००० इंच, तिथे दाब २८० पौंड, कडकपणा इंचाला ६०० पौंड. ७५० थाऊ लिफ्टला उंची १.२५० उरते आणि दाब ७३० पौंड होतो. या स्प्रिंगची वेटोळी १.१८० ला एकमेकींना टेकतात, म्हणजे ७० थाऊ मोकळे राहिले. ६० पुरेसे आहेत. म्हणून खाली १० थाऊचा शिम घाला: बसवलेली उंची १.९९०, सीटवर २८६ पौंड आणि शेवटी मोकळे ६० थाऊ. टेकण्याच्या इतक्या जवळ गेलेली स्प्रिंग स्वतःच्या लाटांना आवर घालते. १५० थाऊ मोकळी सोडलेली ‘सुरक्षित’ स्प्रिंग आतून थरथरत राहते आणि तीच आधी तुटते.

हा दाब हेडवरच मोजता येतो. त्यासाठी रॉकरला लावायचं स्प्रिंग टेस्टर मिळतं. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत थोड्या उतरतात आणि मग स्थिरावतात, तो आकडा पाया धरा. त्यातून १० टक्के गेले, २८० चे २५० झाले, की संच बदला. एकच बदलून भागत नाही, सोळाही एकाच वयाच्या असतात.

पुशरॉडमध्ये वजनाची काळजी करू नका, ताठपणा घ्या. मूळ ३/८ इंचाचा पुशरॉड रेस स्प्रिंगखाली वाकतो. ७/१६ जाड भिंतीचा बसवा आणि हेडच्या भोकातून जाताना कुठे घासतो का, हे क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवून बघा. इनटेक आणि एक्झॉस्टची लांबी वेगळी असते. लांबी ठरवायला कमी-जास्त करता येणारा पुशरॉड वापरा. व्हॉल्व्हच्या टोकावर मार्कर फासा, काही फेरे फिरवा आणि रॉकरच्या चाकाने उमटवलेला पट्टा बघा. तो टोकाच्या मध्यावर आणि जितका अरुंद येईल तितका बरा. रुंद पट्टा गाइड झिजवतो. ७०० पौंडांच्या वर स्टडवरचे रॉकर हलतात, तिथे किमान गर्डल (स्टड एकत्र बांधणारी पट्टी) आणि परवडत असेल तर शाफ्ट रॉकर.

१.७ ऐवजी १.८ चा रॉकर लावला की ४०० थाऊच्या लोबचा लिफ्ट ६८० वरून ७२० होतो. स्वस्त वाटतं, पण स्प्रिंगची मोकळी जागा, पिस्टनची फट आणि पुशरॉडची वाट या तिन्ही गोष्टी पुन्हा मोजल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

टॅपेटची फट कॅम कार्डाप्रमाणे ठेवा. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असेल तर गरम झाल्यावर फट ६ ते १० थाऊ वाढते, म्हणून थंडपणी तितकी कमी ठेवायची आणि एकदा गरम करून आपल्या इंजिनचा खरा फरक टिपायचा. या फटीची नोंद हीच सॉलिड रोलरची नाडी आहे. फेरीगणिक फट मोजताना पंधरा व्हॉल्व्ह जागेवर आणि एकच १० थाऊने सैल झाला, तर तो घट्ट करून पुढच्या फेरीला जाऊ नका. लिफ्टरच्या चाकातल्या सुया फुटायला लागल्याचं ते लक्षण असतं. लिफ्टर बाहेर काढा, चाक बोटाने फिरवा, वर-खाली खेळ जाणवतो का बघा. फुटलेल्या सुया ऑइलमधून क्रँकपर्यंत जातात आणि सगळं इंजिन खातात. लिफ्टर वाचवायचे तर दाबाने ऑइल पोचवणारे किंवा बुशवाले घ्या, आणि कडक स्प्रिंगचं इंजिन ८०० आरपीएमला घोळत ठेवू नका.

हवा आणि इंधन

घन इंच गुणिले आरपीएम भागिले ३,४५६: ४९६ ला ७,२०० वर १,०३३ सीएफएम. चांगलं रेस इंजिन १०० टक्क्यांहून जास्त भरतं, तेव्हा १० टक्के वर धरा, १,१४० च्या आसपास. म्हणजे ४५०० फ्लँजचा (मोठ्या तळाचा) १,०५० किंवा १,१५० सीएफएमचा कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर लहान पडतोय का, हे मोजायची रीत सोपी आहे. मॅनिफोल्डला कमी मर्यादेचा व्हॅक्यूम गेज लावा आणि पूर्ण थ्रॉटलवर फेरीच्या शेवटी बघा. अर्धा ते पाऊण इंच पारा असेल तर ठीक. दीड इंच म्हणजे इंजिन कार्ब्युरेटरमधून ओढून घेतंय.

इंधनाचा हिशेब ताशी दर हॉर्सपॉवरला अर्धा पौंड पेट्रोल. ८०० ला ४०० पौंड, म्हणजे ताशी सुमारे ६५ अमेरिकन गॅलन, तेही कार्ब्युरेटरच्या नीडलला हव्या असलेल्या ७ पीएसआयवर (चौरस इंचाला पौंड दाब). पंपाच्या डब्यावरचा आकडा बहुधा दाबाविना मोजलेला असतो. शिवाय गाडी १ जीने सुटते तेव्हा लाइनमधलं पेट्रोल मागे ढकललं जातं, दर फुटाला सुमारे ०.३ पीएसआय. १० फुटांच्या लाइनमध्ये ३ पीएसआय गेले! पार्किंगमध्ये ७ दाखवणारा गेज सुटताना ४ दाखवतो. पंप मागे, टाकीजवळ आणि टाकीच्या खालच्या पातळीला, लाइन किमान अर्धा इंच.

मिश्रण (दर भाग पेट्रोलला हवा) १२.८ ते १३.२ च्या दरम्यान आणा. जेट दोन-दोन क्रमांकांनी बदला आणि प्रत्येक वेळी फिनिशचा वेग बघा. आधी श्रीमंत (पेट्रोल जास्त) बाजूने सुरुवात करा. वेग वाढत गेला, मग स्थिरावला की एक पायरी परत श्रीमंत. प्लग वाचायचा तर नवा प्लग, पूर्ण फेरी, आणि रेषा ओलांडताच इंजिन बंद करून गाडी ढकलत आणायची. परत चालवत आणलेल्या गाडीचा प्लग फेरीबद्दल काहीच सांगत नाही.

थंड हवा फुकटची ताकद आहे. इनटेकची हवा १० अंश फॅरनहाइटने थंड झाली की साधारण १ टक्का मिळतो.

ठिणगी

मोठ्या घुमटाच्या जुन्या चेंबरला ठिणगी टीडीसीआधी एकूण ३६ ते ३८ अंश, नव्या आटोपशीर चेंबरला ३२ ते ३६. कमीपासून सुरू करून दोन-दोन अंश वाढवा. वेग वाढला नाही तर लगेच दोन मागे. टायमिंग लाइटने ६,००० आरपीएमलाही तपासा, कारण काही इग्निशन बॉक्स वेगासोबत स्वतःच टायमिंग मागे घेतात.

शेव्हीचा फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. यात ५ आणि ७ शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी समांतर बांधल्या तर ५ ची ठिणगी ७ मध्ये उतरते, तीही खूप आधी, आणि ७ चा पिस्टन वितळतो. दोन वायरी किमान दोन इंच दूर, किंवा एकमेकींना काटकोनात. फोर्ड ४६० मध्ये हीच जोडी ७-८ ची. ४ आणि ७ ची अदलाबदल केलेला कॅम बसवलात तर वायरीही बदला. लागोपाठची शेजारी जोडी मग पुढे, ४-२ वर येते.

एक्झॉस्ट आणि ऑइल

४९६ ला २-१/८ इंचांचे हेडर पुरतात, ५६५ घन इंचांपुढे २-१/४. कलेक्टरची लांबी जुळवायला त्याला लांब जोडनळी लावा, वरून साध्या रंगाची पट्टी ओढा आणि पूर्ण फेरी घ्या. रंग जळायचा जिथे थांबला तिथे कापा.

ऑइल दर हजार आरपीएमला १० पीएसआय, खोल पॅन, विंडेज जाळी आणि पिकअपपासून पॅनच्या तळापर्यंत ३/८ ते १/२ इंच अंतर. व्हॅक्यूम पंपाने क्रँककेसमध्ये १२ ते १५ इंच पारा निर्वात केला की हलक्या ताणाच्या रिंगाही सील धरतात. साध्या वेट सम्पमध्ये (ऑइल पॅनमध्येच साठतं अशा इंजिनात) १५ च्या पुढे जाऊ नका, पिस्टनच्या पिनांना उडून मिळणारं ऑइल आटतं.

नायट्रस लावणार असाल तर दर ५० हॉर्सपॉवरला २ अंश टायमिंग मागे, प्लग दोन पायऱ्या थंड आणि नायट्रसच्या वाटेच्या इंधनाला स्वतंत्र पंप. रिंगची फट आधी सांगितलेली. १९ थाऊच्या रिंगेवर २०० हॉर्सपॉवरचा नायट्रस मारला तर रिंगेची टोकं भिडतात आणि पिस्टनचा वरचा काठ उचकटतो.

ताकद जमिनीपर्यंत

नवा कॅम आणि हेड यांमुळे ताकदीचा माथा ६,२०० वरून ६,९०० वर गेला आणि गिअर जुनाच राहिला, तर गाडी नव्या ताकदीपर्यंत पोचण्याआधीच रेषा येते. हिशेब: वेग गुणिले गिअर गुणिले ३३६ भागिले टायरचा व्यास. १४० मैल, ४.१० गिअर, ३२ इंची टायर: ६,०२७, त्यात टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स द्रवाने जोडणाऱ्या भागाची) ५ टक्के घसर मिळवून ६,३३०. ४.५६ घातला तर ७,०४०. रेषेवरचा आरपीएम माथ्याच्या १०० ते ३०० वर हवा, म्हणून इथे ४.५६. कन्व्हर्टरचा स्टॉल (गाडी अडवून धरली तर इंजिन जिथवर चढतं तो आरपीएम) टॉर्कच्या माथ्याजवळ ठेवा, आणि तो मागवताना गाडीचं वजन, गिअर, टायरचा व्यास आणि इंजिनचा पूर्ण टॉर्क आलेख द्या. नुसता हॉर्सपॉवरचा आकडा देऊन बनवून घेतलेला कन्व्हर्टर पहिल्या ६० फुटांतच वेळ खातो.